माफीची कॉफी

"झाडी हलली, मला वाटलं रानडुक्कर आलं," हेच नवाफ सहा महिने सगळ्यांना सांगत होता. पण गोळी लागली होती गालिबला, डुकरं उठवायला झाडीत शिरलेल्या त्याच्याच सोबत्याला.

आज गावचे जाणते नवाफला घेऊन गालिबच्या बापाच्या बैठकीत बसले होते. कॉफी समोर आली, पण कुणी पेल्याला हात लावेना. माफी मिळाल्याशिवाय ती प्यायची नसते.

"केलं याला माफ," म्हातारा म्हणाला. "एकच अट. शिकारीत माझ्या गालिबची जागा यानं घ्यायची. डुकरं गहू तुडवतायत, झाडीत कुणीतरी शिरायलाच हवं."

"एवढंच ना? कबूल!" म्हणत जाणत्यांनी कॉफी एका घोटात संपवली. नवाफनंही. सुटलो बुवा एकदाचा, असं झालं त्याला.

"आणि काका, बंदूक घेऊन माझ्या जागी कोण?" रिकामा पेला खाली ठेवत त्यानं विचारलं.

"मी."

"पण... तुम्हाला नीट दिसतं ना?"

म्हातारा सहा महिन्यांत पहिल्यांदाच हसला.

"तुझ्याइतकंच."