सोनघाटचे पोहे

"पोहे कोणी केले?" हेमलताबाईंनी पहिल्याच घासाला विचारलं.

केतनने हातातली बशी खाली ठेवली. मागच्या स्थळाकडचे पोहे आईने एका चमच्यात बाजूला सारले होते आणि घरी येऊन ती "नाही" म्हणून मोकळी झाली होती. त्याआधीचं स्थळही तिच्यामुळेच बारगळलं. पुढच्या महिन्यात त्याची बंगळुरूला बदली होती. त्याआधी हे जमायलाच हवं होतं.

"बाबांनी," अक्षया म्हणाली. "मला येत नाहीत."

झालं! केतनने डोळे मिटले. पण आईने चक्क आणखी वाढून घेतले, आणि उल्हासराव लाजून चहाच्या थर्मासकडे वळले.

दिल्लीतल्या द्वारकेहून हे मायलेक, नोएडाहून ते बापलेक, आणि भेट यमुनाकाठच्या सोनघाटला, ही कल्पना अक्षयाची. घरात बसून कसला पाहण्याचा कार्यक्रम, माणूस चालताना कळतो, असं तिचं म्हणणं. इथल्या नगरपालिकेने जुना घाट घासूनपुसून लख्ख केला होता आणि टेकडीवरच्या कुणा मराठा सरदाराच्या समाधीवरच्या छत्रीपर्यंत नवी पायवाट बांधली होती.

"चलो, तुम्ही दोघं व्हा पुढे," अक्षयाने हुकूम सोडला. "आम्ही इथेच बसतो."

"माझे गुडघे..." आई कुरकुरली.

"सावकाश जाऊ," उल्हासराव म्हणाले. "घाई कोणाला आहे?"

मोठी माणसं वळणाआड गेली. ही दोघं घाटाच्या पायरीवर टेकली.

"लग्नानंतरही मी नोएडातच राहणार हं," अक्षया म्हणाली. "तुझ्या आईला चालेल ना?"

"बिल्कुल चालेल. पण आधी तिने हो तर म्हणायला हवं, यार!"

अक्षया नदीत खडे टाकत राहिली. केतनने नखं खाऊन संपवली.

मग वरून हाक आली. छत्रीपाशी पदर खोचून आई उभी होती. घरचा एक जिना चढताना तीनदा थांबणारी त्याची आई! शेजारी उल्हासराव तिची पर्स सांभाळत उभे होते.

"केतन! हो म्हटलं रे मी!" ती एवढ्या जोरात ओरडली की घाटावरचे बगळे उडाले.

केतनने दोन्ही हात उंचावून आरोळी ठोकली. त्याचे डोळे भरून आले होते. अक्षयाने त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"बाबांच्या मुंडावळ्या मी बांधणार," ती म्हणाली. "आणि तू आजपासून मला ताई म्हणायचं."