सोबतीची नळी

"काका, धुण्यात कसर राहिली असेल," मॅडम म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण बोल लागायचा तिथं लागलाच.

काकांच्या हातातली परीक्षानळी पिवळीधमक झाली होती.

लोखंड गंजतं ना, तशी रक्तातली प्रथिनंही आतल्या आत गंजतात. ठरावीक औषध घातलं की तो गंज पिवळा रंग धरतो; रंग जितका गडद, तितका शरीरावरचा ताण जास्त. मात्र उरलेलं औषध नीट धुऊन काढलं नाही, तर चांगलं रक्तही गंजलेलं दिसतं. आणि धुण्याच्या कामात काकांचा हात धरणारा त्या प्रयोगशाळेत कोणी नव्हता. त्या हातापलीकडे मिरवण्यासारखं त्यांच्याजवळ दुसरं होतं तरी काय?

प्रत्येक नमुन्याच्या दोन नळ्या असत. एकीत औषध, दुसरीत नुसतं आम्ल. दुसरीला काका 'सोबतीची नळी' म्हणत. ती पहिलीबरोबर अंधारात राही, पहिलीबरोबर यंत्रात फिरे, तिच्यासारखीच धुतली जाई. रंग मात्र धरत नसे. दोघींतला फरक, तो खरा आकडा.

मॅडमचा अभ्यास साधा होता. एकट्या राहणाऱ्यांचं रक्त जास्त गंजतं का? एका रॅकमध्ये एकटे, दुसऱ्यात सोबतीनं राहणारे. सोबतवाल्यांतला एक जण ऐन वेळी गळाला. मॅडमनी काकांना विचारलं, घरी काकू आहेत ना? आहे की, म्हणत काकांनी हसून बाही वर केली.

काकूंबद्दल सगळ्यांना माहीत होतं. पाहिलं कोणीच नव्हतं. डबा रोज यायचा, घडी घातलेल्या रुमालासकट. घरी भांडणबिंडण होतं की नाही, असं कोणी चिडवलं की काका म्हणत, छे, एका शब्दानं उलट बोलत नाही. नशीब काढलंत, म्हणून सगळे हसत. निघताना ते घरी फोन लावत, "निघतोय" म्हणत आणि पलीकडचं न ऐकताच ठेवून देत.

आता त्याच काकांची नळी एकट्यांच्या सगळ्या नळ्यांपेक्षा गडद निघाली होती. ही एक नळी अख्ख्या गटाची सरासरी बिघडवत होती. काकांनी नमुना पुन्हा लावला. मॅडमसमोर धुतला, वरचा द्रव नितळ येईपर्यंत धुतला. रंग काही हटेना.

"म्हणजे हात चुकलेला नाही," मॅडम म्हणाल्या. मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. त्यांनी स्टूल जवळ ओढलं. "काका, काकू कधी गेल्या?"

काका नळीकडे बघत राहिले. हाताची अब्रू वाचली होती. आता घराची झाकायची की नाही, एवढंच उरलं होतं. इतक्या मायेनं घरचं विचारणारं कोणी भेटून वर्षं झाली होती.

"माझी नळी एकट्यांच्या रॅकमध्ये ठेवा," ते म्हणाले.

मॅडमचे डोळे भरले. कोणाला सांगणार नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. त्या दिवशी काकांनी निघताना फोन लावला नाही. मॅडम बघत होत्या, काकांना लाज वाटली.

स्वतःच्या किल्लीनं दार उघडून ते घरात शिरले. चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली आणि टेबलाशी बसले.

"आज माझी चूक नव्हती," ते मोठ्यानं म्हणाले. "नीट धुतलं होतं मी."

उत्तर आलं नाही. येईल असं त्यांना वाटलंही नव्हतं.

"मॅडम विचारत होत्या, तू कधी गेलीस. मला काही सांगता आलं नाही."

स्वयंपाकघरातून त्यांची बायको बाहेर आली. तिनं ताट त्यांच्यापुढं ठेवलं, उद्याच्या डब्याच्या रुमालाची घडी घातली आणि आपल्या खोलीत जाऊन आतून कडी लावून घेतली.