रकान्यांची उभी नावं
रकाने अरुंद, नावं लांबलचक. म्हणून सॉफ्टवेअरवाल्या ताईनं साठ्याच्या तक्त्यात रकान्यांची नावं खालून वर, उभी लिहिली. सकाळपासून गोदामांतून फोन खणखणत होते, “ताई, माना मोडल्या आमच्या!” एकाच गोदामाचा कारकून खूश होता. “नावं झकास वाचता येतात. आता आकडेही तसेच उभे करा की!” हा थट्टा करतोय की काय? तिला चैन पडेना. तो सध्या घरूनच काम करतो असं गोदामात कळलं, तशी पत्ता घेऊन ती थेट त्याच्या घरी धडकली. दार बायकोनं उघडलं. आत कारकून पाठीच्या ऑपरेशननंतर डाव्या कुशीवर निजलेला, समोर स्टुलावर लॅपटॉप. “वळायची बंदी आहे, ताई,” तो हसत म्हणाला, “महिन्याभरात पहिल्यांदाच काहीतरी सरळ दिसलं.” तिनं मान डावीकडे कलवून पडद्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तक्त्यातली नावं पुन्हा आडवी झाली. त्याच्याकडचा मात्र अख्खा तक्ताच त्याच्याशेजारी कुशीवर निजला.