तळ्याचा कान

मुलांनो, समजा, पाण्यातल्या जंतूंचं बोलणं आपल्याला ऐकू आलं, तर? तनुजाच्या आत्याच्या कोळंबीच्या तळ्यात तसं ऐकणारं यंत्र तरंगत होतं. जंतू मोठे हुशार. एकेकटे असताना ते कुणाच्या वाट्याला जात नाहीत. रसायनं सोडून एकमेकांना हाका मारतात आणि पुरेसे जमले की मगच कोळंबीवर तुटून पडतात. त्या हाका यंत्रातून किरकिरीसारख्या ऐकू येत.

नारळी पौर्णिमा होती, पण पावसाने दडी मारल्याने तळं तापलं होतं. सणाचं म्हणून आत्याने दुप्पट खाद्याची पाटी उचलली.

“आत्या, थांब! किरकिर वाढलीय.”

“सणासुदीला त्यांना उपाशी ठेवू? तू नारळीभात दोनदा घेतलास की!”

“मी ताट चाटूनपुसून संपवलं. यांचं उरलेलं तळाशी कुजतं आणि त्यावर जंतूंची जत्रा भरते.”

आत्याने कान दिला. तिची सगळी कोळंबी त्याच पाण्यात होती. तिने पाटी खाली ठेवली.

“मग सणाचं द्यायचं काय यांना?”

“हवा! तापलेल्या पाण्यात त्यांना प्राणवायू कमी पडतो.”

तनुजाने धावत जाऊन पाणी घुसळणारी चाकं सुरू केली, आणि किरकिर विरेपर्यंत ती बांधावर कान टवकारून बसून राहिली.