खुर्चीवरची नारिंगी फीत

लीलंड नाजी फितीवर बसला होता. खुर्चीच्या हाताला बांधलेल्या त्या नारिंगी फितीची टोकं त्याने मांडीखाली दाबली आणि गाठीवर टोपी ठेवली. शेजारच्या खुर्चीवरची मार्व्हेला यायच्या आत फीत सोडून खिशात घालायची असा बेत होता. पण गाठ पक्की होती आणि लीलंडची बोटं आता पूर्वीसारखी राहिली नव्हती.

अमेरिकेतल्या टोलेडोच्या बास्केटबॉल स्टेडियममध्ये एप्रिलातल्या एका शनिवारी सकाळी जुन्या प्रेक्षकांना आत सोडतात. ज्यांनी मोसमाचं तिकीट सोडलं त्यांच्या खुर्च्यांना फिती बांधलेल्या असतात. हिंडावं, बसून पाहावं, आवडली तर आपली देऊन ती घ्यावी. यंदा खालच्या रांगा झेंडूच्या वाफ्यासारख्या दिसत होत्या. ग्लासमेन संघाने ब्याऐंशीपैकी एकोणीस सामने जिंकले होते आणि निम्म्या गावाने काढता पाय घेतला होता.

खालची पाचव्या रांगेतली एक खुर्ची लीलंडने गुरुवारीच फोनवर घेऊन टाकली होती आणि वरची ही जुनी सोडली होती. सर्वांत जुन्या लोकांना दोन दिवस आधी निवडता येतं. खुर्ची एकच होती. सव्वीस वर्षं तो छताजवळून खेळ पाहत आला होता आणि आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. खेळाडूंचे चेहरे एकदा तरी नीट पाहावेत, एवढीच त्याची हौस. त्यात गैर काही नव्हतं. पण सव्वीस वर्षं शेजारी बसणाऱ्या मार्व्हेलाला त्याने विचारलं नव्हतं. बायको गेल्यापासून तो मोकळेपणी बोलायचा ते या एकाच बाईशी, आणि तेही फक्त इथे. तिला सांगायचं कसं, हे त्याला अजून सुचलं नव्हतं.

मार्व्हेला प्रूइट धापा टाकत वर आली. तीस वर्षं स्कूलबस चालवलेली बाई, तिचा आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा.

"उठू नकोस," थर्मास खाली ठेवत ती म्हणाली. तो उठणारही नव्हता.

"एकोणीस सामने," लीलंड म्हणाला. "त्यातले दोन शेवटच्या आठवड्यात. काय नडलं होतं जिंकायचं? गप्प हरले असते, तर आपण अगदी तळाला राहिलो असतो. नव्या खेळाडूंतला पहिला तळाचा संघच निवडतो; तो आपल्याला मिळाला असता."

"म्हणून तू कपाळ बडवत होतास. आपलाच संघ जिंकतोय, आणि हा माणूस रडकुंडीला आलेला. मागच्या बाईला वाटलं, तुला अटॅक आला."

लीलंडला हसू आलं. मग त्याने मुद्द्याला हात घातला. "रेन्फ्रो आता म्हातारा झाला, त्याला दुसऱ्या संघात देऊन टाकायला हवं. अजून कुणीतरी घेईल त्याला. बदल्यात दोन तरणी पोरं मिळतील."

"अकरा वर्षं राबला तो इथे. गुडघे झिजवले आपल्यासाठी."

"झिजले ना? मग झिजलेल्या गुडघ्यांचं काय लोणचं घालायचं?"

"कोच बदला. बचाव शिकवणारा कुणी आणा. आणि रेन्फ्रोला आणखी दोन वर्षं राहू द्या. नुसती पोरं आणून काय होतं? त्यांना सांभाळून घेणारं कुणी नको का?"

"तुझ्यासारख्यांच्या मायेनंच संघ बुडतात, मार्व्हेला. इथे माया आणून चालत नाही. ज्याची वेळ झाली त्यानं जायचं. मागे राहतात त्यांनी समजून घ्यायचं."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हे शेवटचं रेन्फ्रोबद्दल नव्हतं. त्याचे कान गरम झाले.

 मार्व्हेलाने कॉफी ओतली आणि कप पुढे केला. तो घ्यायला लीलंड कलला, तशी टोपी खाली पडली. नारिंगी गाठ उघडी पडली. मार्व्हेलाने गाठीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"पाचवी रांग ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तिकीटवाल्या मुलीचा फोन आला होता गुरुवारी. शेजारची जागा सुटली की आधी शेजाऱ्याला विचारतात."

"मी सांगणारच होतो. एकच होती गं. दोन असत्या तर..."

"माहितीये मला. जा, बघ चेहरे. डोळे आहेत तोवर बघून घे."

तिने हे अगदी सरळ म्हटलं, आणि म्हणूनच लीलंडला जास्त लागलं. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. कॉफी निवत चालली, तरी त्याच्याने घोट घेववेना.

"मग इथे कोण येणार?" त्याने शेवटी विचारलं.

मार्व्हेलाने पर्समधली छोटी कात्री काढली आणि फीत कापली. "कुणी नाही. मी घेतली ही खुर्ची."

"दोन-दोन कशाला तुला? बहीण येणार आहे का?"

"नाही. रिकामी राहील."

"वेडी आहेस का? अगं, एखादा चांगला माणूस आला असता. गप्पा झाल्या असत्या."

"झाल्या असत्या," ती म्हणाली. तिने फितीचे तुकडे पर्समध्ये टाकले आणि खालच्या रिकाम्या कोर्टाकडे पाहिलं. "पण नवा माणूस बसवायचा, त्याला माझ्याशी भांडायला शिकवायचं... तेवढी वर्षं माझ्याकडे नाहीत, लीलंड."