थरथरती रेघ

"मावशी, दम पुरेल तोवर एकाच सुरात 'आ' म्हणा," दवाखान्यात आवाज तपासणारी मुलगी म्हणाली. शालन गुरवांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. एसटी स्थानकावर अठ्ठावीस वर्षं गाड्या पुकारणारा आपला आवाज हल्ली कापतो, या धास्तीने त्यांना झोप नव्हती. माइक सोडून पासच्या खिडकीवर बसू द्यावं, असा अर्जही त्यांनी पर्समध्ये तयार ठेवला होता.

त्यांनी 'आ' लावला, तशा पडद्यावर दोन रेघा दिसल्या. वरची फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ, खालची बारीक थरथरणारी.

"खालची माझीच ना?" त्यांनी मान खाली घातली. "वरची कुणा धडधाकट पोरीची असेल."

"छे हो, वरची माणसाची नाहीच! यंत्र तपासायची शिट्टी आहे ती." मुलीने स्वतःच माइकसमोर 'आ' लावला. तिसरी रेघ उमटली, तीही थरथरतच. "निरोगी गळासुद्धा एवढा हलतोच, मावशी. तेच तर मोजतोय आम्ही."

शालनताईंनी आपली आणि तिची रेघ बोटाने ताडून पाहिली. मग त्यांनी माइक पुढ्यात ओढला आणि सवयीने एका कानावर तळहात ठेवला. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. शिराळ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे."

मुलगी ताडकन उठली, तिने सॅक खांद्याला अडकवली आणि मग ती ओशाळून हसली. कॉलेजची पाच वर्षं ती याच आवाजावर घरची गाडी पकडत आली होती.

"बस गं बाई," शालनताई म्हणाल्या, "सुटायला अजून दहा मिनिटं आहेत."