खालचा ठोका

ओजसने हेडफोन काढून आपटला. भिंतींना गाद्या लावल्या, एकुलता एक माइक पंख्याला टांगला, तरी ड्रम्सच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये खालून ठकठक येतच होती.

खालचे धामणकरकाकाच! लिफ्टमध्ये कसे रोखून बघतात. मुद्दाम छताला काठी आपटत असणार, दुसरं काय?

तो तावातावाने खाली गेला. दार उघडलं, तर काकांच्या हातात जळमटं काढायची काठी होतीच.

"सापडलात! रेकॉर्डिंग बिघडवता माझं?"

"तूच बिघडवतोस. शेवट आला की दरवेळी ठेका पळतो तुझा. चाळीस वर्षं ताशा वाजवलाय मी, ऐकवत नाही. म्हणून ठोका देतो."

वर येऊन ओजसने पुन्हा ऐकलं. ठकठक एकदाही चुकली नव्हती.

त्याने माइक पंख्यावरून सोडवून फरशीवर ठेवला आणि खिडकीतून ओरडला, "काका, जरा जोरात!"